व्हायटल कपॅसिटी वाढली म्हणजे मज्जारज्जू सुधारला का? प्रबंधासाठी मोजमापाचे प्रश्न (नागपूर)

पीजी_विदर्भ:

नमस्कार. एमपीटीच्या (फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी) प्रबंधाचा विषय ठरलाय, सिनॉप्सिस अजून एथिक्स कमिटीपुढे जायचाय. विषय: मानेच्या मज्जारज्जूला दुखापत झालेल्या रुग्णांत (सी४ ते सी८, म्हणजे मानेतल्या नसांची चौथी ते आठवी पातळी) पहिल्या सहा महिन्यांत श्वास कसा आणि किती परततो. उपचार वेगळा काही देणार नाही, फक्त मोजत जाणार आहे.

हाताशी आहे ते असं: एक पोर्टेबल स्पायरोमीटर (फुंकलेली हवा मोजायचं मशीन), साधा पीकफ्लो मीटर (फुंकेचा वेग मोजायला), तोंडाने दाब मोजायचं मीटर, आणि रेडिओलॉजीत वेळ घेतली तर सोनोग्राफी. वॉर्डात एसी नाही, कूलर आहेत. रुग्ण नागपूरचे थोडे, बाकी गडचिरोली, यवतमाळ, भंडारा, बालाघाटकडचे.

विचारायचंय ते:

१. मोजायचं झोपवून की बसवून?
२. कितीदा मोजायचं?
३. समजा व्हायटल कपॅसिटी (पूर्ण श्वास घेऊन जास्तीत जास्त बाहेर सोडता येणारी हवा) पहिल्या आठवड्यात १ लिटर होती आणि तीन महिन्यांनी २ झाली. "न्यूरॉलॉजिकल रिकव्हरी" असं लिहिता येईल का?
४. गाइड म्हणतात, इंटरमिटंट हायपॉक्सियाचा (कमी ऑक्सिजनचे तुटक झटके देण्याचा) एक गट टाकूया, प्रबंध वजनदार होईल. टाकावा का?

---

श्वसनमास्तर:

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. त्याचं उत्तर नीट कळलं तर पहिले दोन आपोआप सुटतात.

नाही, तसं लिहिता येणार नाही. सी५-सी६ची पूर्ण दुखापत असलेल्या रुग्णाची व्हायटल कपॅसिटी पहिल्या आठवड्यात अपेक्षित आकड्याच्या सुमारे ३० टक्क्यांवर येते आणि तीन महिन्यांत जवळजवळ दुप्पट होते, हे लेडसम आणि शार्प यांनी १९८१ साली दाखवलं. त्यासाठी मज्जारज्जूतला एक धागाही जुळावा लागत नाही.

असं का होतं ते बघा. डायफ्रामची (छाती-पोटामधला श्वासाचा मुख्य स्नायू) फ्रेनिक नस सी३, सी४, सी५ मधून निघते. बरगड्यांमधल्या स्नायूंच्या नसा छातीच्या मणक्यांतून येतात आणि पोटाच्या स्नायूंच्या साधारण टी६च्या (छातीची सहावी पातळी) खालून. म्हणजे सी६च्या रुग्णाचा डायफ्राम चालू असतो, पण बरगड्या आणि पोट बंद. स्पायनल शॉकच्या (दुखापतीनंतर लगेच, खालचं सगळं लुळं पडतं तो काळ) दिवसांत बरगड्यांमधले स्नायू लुळे असतात. डायफ्राम खाली ओढला की पोट फुगतं आणि वरची छाती उलट आत खेचली जाते. डायफ्रामची बरीच मेहनत छाती आत ओढण्यातच वाया जाते. पुढे आठवड्यांनी त्याच लुळ्या स्नायूंत स्पॅस्टिसिटी (ताठरपणा) येते, बरगड्यांचे सांधे आखडतात, छातीची भिंत कडक होते. आता तोच डायफ्राम तेवढ्याच जोरात जास्त हवा ओढतो. त्यात कोसळलेला फुप्फुसाचा भाग उघडला, पोटफुगी उतरली, कॉलर निघाली, झोपेची औषधं थांबली, की आकडा आणखी वर जातो.

त्यामुळे "व्हायटल कपॅसिटी सुधारली" एवढंच लिहा. कारण शोधायचं असेल तर सोबत तीन गोष्टी लागतील. दर भेटीत आयएसएनसीएससीआय तपासणी (कोणत्या पातळीपर्यंत ताकद आणि स्पर्श शाबूत आहे ते ठरवणारी) पुन्हा करा, लेव्हल एक घर खाली सरकली का ते कळेल. डायफ्रामची सोनोग्राफी दोन्ही बाजूंची करा. आणि टेपने छातीचा घेर मोजा: चौथ्या बरगडीच्या रेषेत, पूर्ण श्वास घेण्याआधी आणि घेतल्यावर. घेतल्यावर घेर कमी भरला, म्हणजे फरक उणे असेल, तर छाती आत जाते आहे. लेव्हल तीच, डायफ्राम तेवढाच जाड होतोय, आणि घेराचा फरक मात्र उणे दोन सेंटिमीटरवरून शून्यावर आला, तर वाढ छातीच्या भिंतीची आहे असं म्हणायला आधार मिळतो. टेप दहा रुपयांची असते म्हणून परीक्षक हसतील. हसू द्या.

आता स्थिती. निरोगी माणूस बसल्यावर चांगला श्वास घेतो. क्वाड्रिप्लेजियात (चारही हातपाय लुळे पडलेल्यांत) नेमकं उलट: पाठीवर झोपल्यावर व्हायटल कपॅसिटी जास्त, बसवलं की कमी. पोटाची भिंत ढिली असल्याने बसल्यावर आतडी पुढे लोंबतात, डायफ्राम खाली सपाट होतो, त्याच्या तंतूंना आखडायला लांबीच उरत नाही. झोपवलं की पोटातला ऐवज डायफ्रामला वर ढकलतो.

पण या नियमाचा अपवाद जास्त कामाचा आहे. एखाद्याची व्हायटल कपॅसिटी झोपवल्यावर घसरली, तर डायफ्रामच दोन्हीकडून दुबळा असल्याची शंका घ्या. सी४च्या रुग्णात हे दिसू शकतं. म्हणून दोन्ही स्थितींत मोजा आणि दोन्हींतला फरक हा स्वतंत्र रकाना ठेवा. माझ्या मते तुमच्या प्रबंधातला सगळ्यात बोलका रकाना तोच असेल.

चौथ्या प्रश्नावर नंतर लिहितो, तो मोठा आहे.

---

छाती_फिजिओ:

सरांनी उत्तरात हातचं काही राखलेलं नाही, फक्त प्रत्यक्ष करताना कुठे अडतं ते लिहिते.

क्रम असा ठेवा. आधी झोपवून, पाठ सपाट, डोक्याखाली पातळ उशी. मग ४५ अंश. मग बसवून, बाइंडरशिवाय (पोटाला बांधायचा पट्टा) आणि बाइंडर लावून. प्रत्येक स्थितीत आल्यावर पाच ते दहा मिनिटं थांबा आणि बीपी घ्या. या रुग्णांचं बीपी बसवल्याबरोबर पडतं, डोळ्यांपुढे अंधारी आलेल्या माणसाचा आकडा घेऊन उपयोग नाही. चारही स्थिती एका दिवसात जमत नसतील तर झोपून आणि बसून या दोनच ठेवा, पण सगळ्यांच्या त्याच ठेवा.

बाइंडर बरगड्यांवर चढला की श्वास कोंडतो. खालची कड कमरेच्या हाडांवर आणि वरची कड शेवटच्या बरगडीच्या खाली. दर वेळी त्याच रुंदीचा पट्टा, आणि किती ताणून लावला ते पट्ट्यावर पेनाने खूण करून ठेवा.

स्पायरोमेट्री: तीन ते पाच फुंका, मध्ये किमान दोन मिनिटं विश्रांती. मशीन बऱ्याच फुंका "नापास" करेल. पोटाचे स्नायू नसल्याने फुंक झटक्यात सुटत नाही आणि सहा सेकंद टिकत नाही. तेवढ्यासाठी ती टाकू नका, नाहीतर सगळ्यात कमकुवत रुग्णच अभ्यासातून गळतील. खोकला आला, गळती झाली, मध्येच थांबला, तरच टाका. कोणत्या फुंका ठेवणार हे सिनॉप्सिसमध्येच लिहून टाका. ओठ नीट मिटत नसतील तर कडा असलेला माउथपीस, नाकाला क्लिप.

उंची उभं करून मोजता येत नाही, मग लोक आधार कार्डावरून किंवा नातेवाइकांना विचारून लिहितात. असं करू नका. झोपवून डोक्यापासून टाचेपर्यंत मोजा. पाय आखडलेले असतील तर हातांचा पसारा, आणि तोही सरळ होत नसेल तर कोपर ते मनगट, म्हणजे अल्ना. टक्केवारीसोबत कच्चा आकडा लिटरमध्ये द्या.

दाब मोजताना माउथपीसला २ मिलिमीटरचं भोक असायला हवं, नाहीतर रुग्ण गालांनी चोखून आकडा चढवतो. दाब किमान दीड सेकंद टिकवायचा आणि त्यातला एका सेकंदाचा धरायचा.

खोकल्याचा जोर विसरू नका, तुमच्या यादीत तो दिसला नाही. पीकफ्लो मीटरला मास्क लावून खोकायला सांगायचं. मिनिटाला २७० लिटरच्या खाली असेल तर सर्दी-तापात मदतीशिवाय कफ निघणार नाही असं धरतात, १६०च्या खाली खोकला कामाचाच नाही. रुग्णाचा जीव व्हायटल कपॅसिटीपेक्षा या आकड्यावर जास्त अवलंबून असतो. साध्या मीटरची पट्टी ६० पासून सुरू होते, त्याच्या खालच्या रुग्णाला "शून्य" लिहू नका, "६० पेक्षा कमी" लिहा. आधी विनामदत, मग आंबू बॅगने (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दोन-तीन श्वास एकावर एक चढवून, मग पोटावर हाताने दाब देऊन. हात बेंबीच्या वर, छातीच्या हाडाच्या टोकाखाली. दाब आत आणि वर, रुग्णाच्या खोकल्याच्या क्षणालाच. जेवणानंतर दीड तास नाही. बरगडी मोडलेली असेल, मणका अजून स्थिर केलेला नसेल किंवा पोटाच्या मोठ्या शिरेत फिल्टर टाकलेला असेल, तर हा दाब द्यायचाच नाही.

वेळापत्रक: पहिला आठवडा रोज, मग दोन, चार, सहा, बारा आठवडे आणि सहा महिने. सकाळी, नाश्त्याआधी, सक्शन (नळीने घशातला कफ ओढणं) करून झाल्यावर.

---

नाइटड्यूटी_सिस्टर:

पहिल्या आठवड्याचं थोडं माझ्याकडून.

आकडा तिसऱ्या-चौथ्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा खाली आला तर "फुंक नीट मारली नाही" म्हणून पुन्हा पुन्हा फुंकायला लावू नका. या दिवसांत रुग्ण खरोखरच थकतो, कफ साचतो, सूज वर चढते. व्हायटल कपॅसिटी किलोमागे १५ मिलिलिटरच्या खाली उतरू लागली तर वही मिटा आणि डॉक्टरांना बोलवा. ६० किलोच्या माणसाला हे ९०० मिलिलिटर होतात. ऑक्सिजनच्या टक्क्यावर विसंबू नका, नळीने ऑक्सिजन चालू असला की ९७ दाखवत राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो.

डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग बसलाय का ते एक्स-रेत बघून मगच मोजा. सक्शनची नळी सरळ उजवीकडे जाते, डावीकडचा कफ तसाच राहतो.

सक्शननंतर लगेच मोजायचं असेल तर मॉनिटरकडे नजर ठेवा. मानेच्या दुखापतीत हृदयाचे ठोके वाढवणाऱ्या सिम्पथेटिक नसांचं काम बंद पडलेलं असतं, घशात नळी गेली की पल्स ४० वर येते, कधी थांबतेसुद्धा. पहिले दोन आठवडे हा धोका जास्त. आधी १०० टक्के ऑक्सिजन, नळी आत १० ते १५ सेकंदांच्या वर नाही, अॅट्रोपिन (ठोके वाढवायचं औषध) ट्रेमध्ये भरलेलं.

नंतरच्या महिन्यांत उलटा प्रकार. टी६ किंवा त्याच्या वरची दुखापत असेल तर लघवीची नळी मुडपलेली असताना जोरात फुंकायला लावलं, बाइंडर आवळला, की डोकं ठणकतं, चेहरा लाल, बीपी एकदम वर. यांचं नेहमीचं वरचं बीपी ९० ते ११० असतं, त्यामुळे १४० हे "नॉर्मल" समजू नका. बसवायचं, पट्टा सोडायचा, नळी-पिशवी बघायची, मग पोट साफ आहे का ते. मोजायला बसण्याआधी पिशवी रिकामी करा म्हणजे निम्मं काम झालं.

---

कॅलिब्रेशनवाला:

ताई, सगळे रुग्णाचं सांगून राहिले, मशीनचं कोणी बोलून नाही राहिलं.

नागपूरच्या मे महिन्यात एसी नसलेल्या वॉर्डात दुपारी ४०च्या वर पारा जातो. स्पायरोमेट्रीच्या २००५च्या एटीएस-ईआरएस (अमेरिकन आणि युरोपियन श्वसनतज्ज्ञ संस्था) मानकात खोलीचं तापमान १७ ते ४० धरलं आहे. म्हणजे दुपारी तुम्ही मशीनच्या हद्दीबाहेर. सकाळी आठच्या आत घ्या.

दुसरी गोष्ट जास्त घातक आहे, कारण ती दिसत नाही. मोजलेली हवा शरीराच्या ३७ अंशांवर आणायला मशीन एका गुणकाने गुणतं. खोली २० अंश असेल तर गुणक १.१०२, २५ला १.०७५, ३०ला १.०४५, ३७ला बरोबर १. आता मशीनमध्ये कोणी तापमान २५ वर कायमचं टाकून ठेवलं आणि खोली ३७ आहे, तर आकडा साडेसात टक्के फुगतो. दीड लिटरच्या रुग्णाला ११० मिलिलिटर फुकटात! उलट जानेवारीत खोली २० असताना तेच मशीन अडीच टक्के कमी दाखवतं. जानेवारीत भरती झालेला रुग्ण मेमध्ये पुन्हा मोजला, की जवळजवळ दहा टक्के "रिकव्हरी" नुसत्या ऋतूची. मशीनच्या प्रकाराप्रमाणे हा फरक कमी-जास्त होतो, मॅन्युअल वाचून घ्या. पण रोज थर्मामीटर बघून तापमान हाताने टाकायचं, एवढं तर कराच.

तीन लिटरची सिरिंज रोज लावा, हळू, मध्यम, जोरात असे तीन वेग, २.९१ ते ३.०९ च्या मधे आलं पाहिजे. सिरिंज एसी ऑफिसच्या कपाटात आणि मशीन वॉर्डात, हे चालत नाही. दोन्ही एका खोलीत ठेवा, तापमान सारखं होऊ द्या. आणि कूलरचा झोत सेन्सरवर येऊ देऊ नका, फुंक मारायच्या आधीच झीरो हलतो. मोजताना पाच मिनिटं कूलर बंद.

---

नाइटड्यूटी_सिस्टर:

पाच मिनिटंच बरं का. यांना दुखापतीच्या खाली घाम येत नाही. उन्हाळ्यात खोली तापली की अंगही तापतं, आणि लोक इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक सुरू करतात. मोजण्याआधी अंगातलं तापमानही लिहा, ३८च्या वर असेल तर त्या दिवशीचं सोडून द्या.

---

श्वसनमास्तर:

आता हायपॉक्सिया.

कल्पना कुठून आली ते आधी. १८९५ साली पोर्टर यांनी प्राण्यांत मानेच्या वरच्या भागात मज्जारज्जू एका बाजूने अर्धा कापला. त्या बाजूचा अर्धा डायफ्राम थांबला. मग त्यांनी दुसऱ्या, म्हणजे चांगल्या बाजूची फ्रेनिक नस कापली, आणि थांबलेला अर्धा भाग हलू लागला. म्हणजे मेंदूकडून येणारे काही धागे खाली मध्यरेषा ओलांडून पलीकडे जात होते, पण गप्प होते. श्वासाची निकड वाढली तेव्हा ते बोलू लागले. याला क्रॉस्ड फ्रेनिक फिनॉमेनन म्हणतात, आणि आजही उंदरांत सी२ अर्धछेद हेच मुख्य मॉडेल आहे.

पुढे गॉर्डन मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कमी ऑक्सिजनचे थोडे, तुटक झटके दिले की सेरोटोनिनच्या वाटेने फ्रेनिक मोटर न्यूरॉनमध्ये (स्नायूला हुकूम देणाऱ्या पेशींत) बीडीएनएफ हे चेतापेशींचे जोड बळकट करणारं प्रथिन तयार होतं आणि नसेचा जोर नंतरही बराच वेळ वाढलेला राहतो. सलग तेवढाच वेळ कमी ऑक्सिजन दिला तर तो परिणाम मिळत नाही, तुटकपणा महत्त्वाचा. माणसांत ९ टक्के ऑक्सिजनचे ९० सेकंदांचे १५ झटके, मध्ये ६० सेकंद साधी हवा, असा क्रम वापरून घोट्याची ताकद आणि चालणं यांवर चाचण्या झाल्या आहेत, त्याही अपूर्ण दुखापतीच्या, जुन्या, स्थिर रुग्णांत.

तुमच्या गटात का नको? सी२च्या अर्धछेदात फ्रेनिकचे मोटर न्यूरॉन जिवंत असतात, फक्त वरचा हुकूम पोचत नाही. सी४-सी५ला मार लागलेल्या माणसात ते न्यूरॉनच चिरडलेले असू शकतात. जिथे शिपाईच नाही तिथे हुकूम पोचवून काय करणार? डायफ्राम पेसिंगलाही (विजेच्या झटक्यांनी डायफ्राम चालवणं) हीच अट असते, फ्रेनिक नस खालून जिवंत हवी, म्हणून ते सी१-सी२च्या रुग्णांना जास्त लागू पडतं. शिवाय क्वाड्रिप्लेजियात झोपेतला अॅप्निया (श्वास मध्येच थांबणं) फार आढळतो. ज्याचा ऑक्सिजन रात्रभर तसाही वरखाली होतोय, त्याला दिवसा आणखी झटके देण्याआधी स्लीप स्टडी लागेल. आणि ताज्या दुखापतीत, बीपी डळमळत असताना, हा प्रयोग कोणतीही एथिक्स कमिटी मान्य करू नये.

कागदपत्रांच्या बाजूने: हा गट टाकला की तुमचा अभ्यास निरीक्षणाचा राहत नाही, चाचणी होते. पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातली क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही) नोंद सक्तीची, विमा, नुकसानभरपाईचं कलम, गॅस मिसळायची व्यवस्था, सोबत डॉक्टर. एमपीटीच्या मुदतीत हे बसत नाही. गाइडना सांगा, झोपून-बसूनचा फरक सहा महिने नीट मोजलेला प्रबंध जास्त वजनदार असतो. आणि ऑनलाइन मिळणारे "अल्टिट्यूड मास्क" कोणी सुचवले तर हात जोडा. त्यांनी फक्त श्वासाला अडथळा होतो, ऑक्सिजनचं प्रमाण मोजून कमी होत नाही.

---

पीजी_विदर्भ:

खूप आभार सगळ्यांचे. हायपॉक्सिया काढून टाकते. दोन शंका उरल्या. ट्रॅकिऑस्टॉमी (गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत घातलेली नळी) असलेल्यांना घ्यावं की वगळावं? आणि डिस्चार्जनंतर गडचिरोलीहून सहा महिन्यांनी फक्त फुंक मारायला कोण येणार?

---

छाती_फिजिओ:

वगळू नका, तेच सगळ्यात जड रुग्ण आहेत. नळीभोवतीचा फुगा, म्हणजे कफ (इंग्रजी cuff), फुगवून, फिल्टर लावून स्पायरोमीटर थेट नळीला जोडा. नंतर नळी बंद करून तोंडाने मोजायला लागलात की तिथून नवा आलेख सुरू, दोन्ही एका रेषेत जोडायचे नाहीत. स्पीकिंग व्हॉल्व्ह (बोलता यावं म्हणून नळीला लावायची एकेरी झडप) लावलेला असेल तर कफ रिकामाच हवा. फुगलेल्या कफवर व्हॉल्व्ह बसवला तर श्वास आत जातो, बाहेर यायला वाट राहत नाही. पलंगावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा.

सोनोग्राफीचंही लिहून टाकते. लिनिअर प्रोब, आठव्या ते दहाव्या बरगडीच्या दरम्यान, काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषेमध्ये. श्वास सोडल्यावरची जाडी आणि पूर्ण घेतल्यावरची जाडी. फरकाला सोडल्यावरच्या जाडीने भागून शंभरने गुणायचं. २० टक्क्यांच्या खाली म्हणजे ती बाजू चालत नाही असं धरतात. त्वचेवर मार्करने खूण करा आणि पुढच्या वेळी त्याच जागी ठेवा. डावीकडे नीट दिसत नाही, पोटातला गॅस आड येतो, वेळ जास्त मागून घ्या.

---

श्वसनमास्तर:

परत न येणाऱ्यांसाठी: डिस्चार्जच्या आधीच सहा महिन्यांची तारीख सर्जरीच्या किंवा युरोलॉजीच्या फॉलोअपला जोडून घ्या, एकाच खेपेत दोन्ही कामं. तरीही न आल्यास फोनवर एका श्वासात आकडे मोजायला सांगता येतं. सेकंदाला दोन, मेट्रोनोम १२० वर. पण एक ते पन्नास मोजायला लावू नका, "एकोणचाळीस" म्हणायला "दहा"च्या दुप्पट वेळ जातो. एक ते दहा पुन्हा पुन्हा, आणि ठोके तुम्ही मोजा. फोन स्पीकरवर, रुग्ण झोपून की बसून ते नातेवाइकांना विचारून लिहा. डिस्चार्जच्या दिवशी स्पायरोमेट्रीसोबत हीच मोजणी एकदा करून ठेवा, म्हणजे त्या रुग्णापुरती तुलना करता येईल. व्हायटल कपॅसिटीच्या रकान्यात मात्र हा आकडा भरायचा नाही, तो रकाना रिकामा सोडा आणि किती जण का आले नाहीत त्याचा तक्ता द्या.

---

कॅलिब्रेशनवाला:

आणि जे येतील त्यांना सकाळी सातची वेळ द्या. अकराच्या बसने येणारा माणूस वॉर्डात पोचेपर्यंत उन्हात तापलेला असतो, आदल्या रात्रीच मुक्कामाला बोलवा.